जुनी स्कूटर : विकावी, भंगारात द्यावी की चालवावी?

दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे, उसरणी या किनारपट्टीवर कापडाची फेरी करणाऱ्या जुन्या घरांत डोकावले, तर एखादी स्कूटर अजून उभी दिसते. कुठे ओट्याच्या कडेला ताडपत्रीखाली, कुठे दुकानामागे रिकाम्या खोक्यांच्या आड. चेतक, प्रिया, सुपर, क्वचित एखादी लँब्रेटा. मुलांनी बिनगिअरची गाडी घेतली, वडिलांचे गुडघे किक मारण्याजोगे राहिले नाहीत, आणि गाडी जागच्या जागी राहिली.

अलीकडे या गाड्यांना गिऱ्हाईक येऊ लागले आहे. २०२५ साली मारंबळपाडा ते जलसार रो-रो सेवा सुरू झाल्यापासून विरारकडची माणसे वाहनासकट इकडे सहज उतरतात. समुद्रावर फिरायला आलेला एखादा शौकीन ओट्यावरची स्कूटर पाहतो आणि किंमत विचारतो. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. मिस्त्री म्हणतो, ‘चाचा, इंजिन खोलू, बोर करू, रंग मारू, नवी होईल.’ आमच्या घरची १९८० च्या दशकातील चेतक आजही आठवड्यातून दोन-तीन वेळा सफाळ्याचा बाजार करून येते, म्हणून बरेच व्यापारी बंधू या तिन्ही गोष्टींचा सल्ला आम्हाला विचारतात. त्या सर्वांसाठी एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. इंजिन बिघडले म्हणून जुनी स्कूटर सहसा वाया जात नाही. इंजिन केव्हाही खोलता येते, भाग मिळतात, मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो. किनाऱ्यावर गाडी संपते ती पत्र्याने आणि कागदाने. लोक मात्र उलट करतात. आधी इंजिनावर पैसा ओततात, मग चकचकीत रंग देतात, आणि शेवटी कळते की खालचा पत्रा चाळणी झाला आहे किंवा नोंदणीची मुदत कधीच संपली आहे.

गाडीची जात ओळखा

आपल्याकडे स्कूटरची दोन घराणी आहेत. एक लँब्रेटाचे. हे मूळ इटालियन यंत्र मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने बनवले. पुढे १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया हा सरकारी कारखाना निघाला आणि इटलीतील यंत्रसामग्री तिथे आली. त्यांची ‘विजय’ स्कूटर अनेकांना आठवत असेल. १९९७ च्या सुमारास त्या कारखान्याने स्कूटर करणे थांबवले.

दुसरे घराणे व्हेस्पाचे, म्हणजे आपल्या बजाजचे. पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली आकुर्डीहून ‘चेतक’ आली. ‘प्रिया’ साताऱ्याची, महाराष्ट्र स्कूटर्सची. त्या कंपनीत राज्य सरकारच्या महामंडळाचा आणि बजाजचा वाटा होता. परवाना पद्धतीच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आमच्या वडिलांनीही नंबर लावला होता, आणि गाडी हातात आली तेव्हा ज्या लग्नासाठी ती हवी होती त्या जोडप्याची मुले शाळेत जाऊ लागली होती. बजाजने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटर व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. २०२० पासून ‘चेतक’ नावाने विजेवर चालणारी गाडी मिळते, पण तिचा एकही भाग जुन्या चेतकला बसत नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण हल्ली सुट्या भागांच्या दुकानात चेतकची क्लच प्लेट मागितली, की काउंटरवरचा तरुण मुलगा आपल्याकडे बघतच राहतो.

दुरुस्तीच्या दृष्टीने या दोन घराण्यांत मोठा फरक आहे. लँब्रेटाला आत जाड नळीचा सांगाडा असतो आणि पत्रे त्यावर बोल्टने बसवलेले असतात. पत्रा सडला तर काढून दुसरा लावता येतो. बजाजला वेगळा सांगाडा नाही. पत्राच सांगाडा. पाय ठेवायचा तळ, पुढची ढाल, मागचा भाग हे सगळे मिळून एकच अंग आहे. म्हणून बजाजचा तळ गंजला याचा अर्थ गाडीचा कणा गंजला. खरेदीच्या वेळी आणि दुरुस्तीच्या वेळी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुष्कळ पैसा वाचतो.

खारा वारा आणि पत्रा

दातिवरे वैतरणेच्या मुखावर आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. बोंबील वाळत घातलेल्या दिवसांत जी हवा असते ती पत्र्याला काय करते हे पाहायचे असेल, तर बंदराजवळच्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहावेत. वर्षभर लावलेला रंग फुगून पापुद्रे सुटतात. स्कूटरचे तेच होते, फक्त ते दिसत नाही, कारण ते खालून आणि आतून होते.

बजाजच्या तळाखाली मधोमध पत्र्याची एक लांब पेटी असते. तिच्यातून ब्रेकची आणि इतर वायरी जातात. या पेटीला पाणी निचरण्यासाठी खाली बारीक छिद्रे असतात. चिखलाने ती बुजतात. पावसाळ्यात आत पाणी साठते, त्यात खार असतोच, आणि पेटी आतून कुजते. वरून रबराची पट्टी छान दिसत असते. ब्रेकच्या पेडलभोवतालचा भाग, स्टँड जिथे तळाला बसतो ती जागा, आणि पुढच्या चाकाच्या वरचा मडगार्ड, ही आणखी तीन ठिकाणे. मासळीच्या टोपल्या वाहिलेली गाडी असेल, तर बघण्याआधीच धरून चाला की टोपलीतले खारे पाणी तळावर वर्षानुवर्षे गळलेले आहे.

परीक्षा कशी करावी? गाडी आडवी घालून तळाला जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे. चांगल्या पत्र्याचा आवाज टणत्कार देतो, सडलेल्याचा बद्द येतो. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. लहानसा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून अंगावर सगळीकडे फिरवावा. जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. कापडाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हा प्रकार लगेच समजेल. विरळ विणीच्या कापडाला खळ चढवली की ते हाताला जाड लागते, पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी होते. लांबी म्हणजे पत्र्याची खळ. थोडा पोचा भरून काढण्यापुरती ती हवीच, पण भोक बुजवायला लांबी वापरली असेल तर दोन पावसाळ्यांत ती ढेकूळ होऊन पडते.

तळ सडलेला असेल तर सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत पूर्ण कापून काढावा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. गंजावरच दुसरा पत्रा रिव्हेट मारून बसवणारे कारागीर आहेत. काम स्वस्तात होते, पण दोन पत्र्यांच्या मध्ये खारे पाणी बसते आणि गंज पूर्वीपेक्षा जोराने चालतो. कापताना गाडी सरळ आधारावर बांधलेली असावी, नाहीतर अंग वाकते आणि मग दोन्ही चाके कधीच एका रेषेत येत नाहीत. जोडकाम झाल्यावर आतल्या बाजूलाही रेड ऑक्साइड गेले पाहिजे. छिद्रे पुन्हा पाडली आहेत की नाही हे स्वतः पाहावे. डेंटर ती विसरतो.

रोजची काळजी अगदी साधी आहे, पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी धुवावी, वरून कमी आणि खालून जास्त. आम्ही जुम्म्याच्या दिवशी दुकान लवकर बंद करतो, तेव्हा हे काम उरकतो. धुतल्यावर थोडी चालवून आणावी म्हणजे ब्रेक सुकतात. पावसाळ्यापूर्वी तळाच्या खालून तेलाचा हात द्यावा. पूर्वीपासून यासाठी जळके ऑइल वापरतात आणि ते टिकते, फक्त ब्रेकच्या ड्रमवर आणि टायरवर एक थेंबही उडता कामा नये. प्लॅस्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नये. आत वाफ धरते. चार बांबू रोवून वर छप्पर केले आणि बाजू मोकळ्या ठेवल्या तर ते चांगले.

इंजिन : तेल कुठे जाते ते समजून घ्या

चेतकचे इंजिन १४५ सी.सी.चे, दोन स्ट्रोकचे. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची चालही ५७ मिलिमीटर. व्हॉल्व्ह नाही, टायमिंगची साखळी नाही, तेलाचा पंप नाही. पेट्रोलची वाफ आधी क्रँकच्या पेटीत येते, तिथून वर सिलिंडरात जाते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल त्या वाटेने जाता जाता बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला वंगण देते. गिअरचे तेल वेगळे, त्याचा याच्याशी संबंध नाही. एवढे नीट समजले, की निम्म्या तक्रारींचे कारण घरबसल्या सांगता येते.

चेतकसारख्या गाडीला लिटरला २० मि.लि. टू-टी ऑइल हे माप. म्हणजे ५ लिटरला १०० मि.लि. त्याहून जुन्या इंजिनांना जास्त लागते. ज्या गाडीचे जे पुस्तक असेल त्यातले माप पाळावे. ‘थोडे जास्त घातले तर इंजिन खूश राहते’ असे म्हणणारे मिस्त्री आहेत. जास्त तेलाने धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो. कमी तेलाने मात्र इंजिनच जाते. ऑइल आधी मापात घेऊन थोड्या पेट्रोलमध्ये हलवून मग टाकीत ओतावे. नुसते टाकीत ओतले तर ते तळाशी बसते आणि पहिले काही किलोमीटर इंजिनला नुसते तेलच मिळते.

आता घाटाची गोष्ट. सफाळ्याहून वरईकडे हायवेला जायचे, तर तांदुळवाडीचा घाट लागतो. चढताना गाडी तापते हे सर्वांना माहीत आहे. पण पिस्टन पुष्कळदा उतारावर पकडतो. उतारावर आपण रेस पूर्ण बंद करतो, गाडी गिअरमध्ये असल्यामुळे इंजिन मात्र जोरात फिरत असते. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद. म्हणून लांब उतारावर अधूनमधून क्षणभर रेस द्यावी. वजन लादलेली गाडी अचानक जड वाटू लागली, आवाज बदलला, तर त्याच क्षणी क्लच दाबावा. मागचे चाक अडले तर गाठोड्यासकट माणूस रस्त्यावर जातो. थांबून इंजिन थंड होऊ द्यावे आणि मगच किक मारावी. वेळीच क्लच दाबला असेल, तर बहुतेक वेळा बोर वाचतो.

इंजिन थंड करणारा पंखा मॅग्नेटवरच असतो. त्याची हवा पत्र्याच्या टोपातून सिलिंडरच्या पंख्यांवर जाते. भातझोडणीच्या दिवसांत पेंढ्याचे तूस त्यात ओढले जाऊन आत गादी तयार होते. बाहेरून काहीच कळत नाही. वर्षातून एकदा, भाताचा हंगाम संपल्यावर, टोप काढून आत बघावे. काम दहा मिनिटांचे आहे.

गाडी चढावर ओढत नाही, वेग धरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. त्यावर लगेच ‘बोर गेला’ असा निकाल दिला जातो. आमचा तजुर्बा असा की आधी सायलेन्सर पाहावा. सहा-आठ हजार किलोमीटरला हेड आणि सायलेन्सर यांतला कार्बन काढावा लागतो, आणि कमी वेगाने, थांबत थांबत फिरणाऱ्या फेरीच्या गाडीत तो आणखी लवकर साठतो. हेड काढताना आणि बसवताना नट थंड इंजिनावर, आडवे-तिरपे, थोडे थोडे कसावेत. पिस्टनवरचा कार्बन स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, ओरखडा कायमचा राहतो. लाकडाची किंवा बांबूची चपटी काडी वापरावी. हे सगळे करूनही दम नसेल तर रिंग पाहावी. रिंग बदलून काम होत असेल तर बोर करू नये. प्रत्येक बोरिंगला सिलिंडर थोडा मोठा होतो आणि मोठ्या मापाच्या पिस्टनची शिडी तीन-चार पायऱ्यांतच संपते.

यापेक्षा जास्त फसवणारा बिघाड म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील. रबराची ही सील गाडी उभी राहिली की सुकते आणि कडक होते. क्लचच्या बाजूची सील गेली, तर गिअरचे तेल क्रँकच्या पेटीत ओढले जाते. गाडी ढगासारखा धूर सोडते आणि गिअरचे तेल कुठेही गळती न दिसता कमी होत जाते. मॅग्नेटच्या बाजूची सील गेली, तर उलट होते. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, रेस सोडली तरी इंजिन आपोआप जोरात फिरत राहते आणि तापते. अशी गाडी पळायला मोठी हलकी वाटते. मालक खूश असतो, आणि चार दिवसांनी पिस्टन पकडतो. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुन्हा चालू करायची असेल, तर दोन्ही सील बदलल्याशिवाय तिच्यावर माल लादू नये. सीलची किंमत फार नाही, मजुरी मात्र आहे, कारण इंजिन पूर्ण उघडावे लागते.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर, पॉइंटचा ०.३ ते ०.५. थंड असताना गाडी पहिल्या किकमध्ये सुरू होते, चार-पाच किलोमीटरवर बंद पडते, आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा सुरू होते, असे असेल तर कार्ब्युरेटर खोलत बसू नये. कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देत आहे. नंतरच्या काळातल्या गाड्यांत पॉइंटच नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, त्यांना हा त्रास कमी. दिवा मंद जळत असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगचा स्क्रू घासून पुसून पाहा. समुद्राकाठी दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो.

स्कूटर तिरकी करून किक मारण्याची आपली राष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. त्यामागे कारण आहे. गाडी कलंडली की कार्ब्युरेटरमधून पेट्रोल थोडे जास्त उतरते आणि चोकचे काम होते. पण रोज तिरकी करावी लागत असेल, तर पेट्रोलच्या कॉकची जाळी किंवा कार्ब्युरेटरचे जेट बुजले आहे असे समजावे.

नवे पेट्रोल, जुनी गाडी

२०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचले. या स्कूटर त्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. त्या चालत नाहीत असे नाही, आमची चालते. पण तीन गोष्टी होतात.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते किंवा चिरडते, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग नव्या प्रकारची घ्यावी. दुसरे, मिश्रण थोडे पातळ होते आणि इंजिन जास्त तापते. मुख्य जेट एक नंबर मोठे बसवून प्लगचा रंग पाहावा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर धोका. तिसरी गोष्ट आपल्या पट्ट्यात सर्वांत महत्त्वाची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवली, तर पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. टाकी लोखंडी, कार्ब्युरेटर मिश्रधातूचा. एकाला गंज चढतो, दुसऱ्यात पांढरी भुकटी जमते. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त गाडी उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. टाकी एकतर पूर्ण भरलेली ठेवावी किंवा पूर्ण रिकामी. अर्धी ठेवू नये.

दोन स्ट्रोकची गाडी हवा जास्त खराब करते, कारण पेट्रोलचा काही हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातो. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच या इंजिनांचा जमाना गेला. मापात तेल, साफ सायलेन्सर, बरोबर जेट असेल तर पीयूसीला अडचण येत नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

कारागीर बंधूंसाठी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचा बिघाड शोधायला कंपनीचा स्कॅनर लागतो, आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीचे पुष्कळ काम सर्व्हिस सेंटरकडे गेले. जुन्या स्कूटरला स्कॅनर लागत नाही, कान आणि हात लागतात. मॅग्नेट पुलर, क्लच पुलर, फीलर गेज आणि थोडी चांगली पान्ह्यांची जोडी असली की दुकान मांडता येते. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे लेथवाले आहेत. पुढच्या फोर्कचे बुश, किकच्या शाफ्टची झिजलेली खाच, ब्रेकच्या कॅमची पिन ही कामे तिथे होतात. नमुना न्यावा, आणि गंजलेल्या नमुन्याचे माप जसेच्या तसे घेऊ देऊ नये, झिजेचा हिशेब सांगावा. न मिळणारे भाग मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. तिथे जाताना जुना भाग खिशात ठेवावा. चेतक, सुपर आणि प्रिया यांचे बरेच भाग सारखे दिसतात, सगळे सारखे नसतात.

या धंद्यात सध्या मागणी आहे ती शौकीन गिऱ्हाइकाची. त्याला गाडी मूळ रूपात हवी असते आणि तो नीट पैसे देतो. पण त्याला घाई नसते, आणि आपल्या कारागिराला घाई असते. २००० नंतरच्या वर्षांत भारतातून चकचकीत रंगवलेल्या जुन्या स्कूटर परदेशात पुष्कळ गेल्या. वरून सुंदर, आत लांबी आणि सडका पत्रा. विलायतेतल्या गिऱ्हाइकांत ‘इंडियन रिस्टोरेशन’ हा शब्द शिवी झाला. काही थोड्या लोकांनी केलेल्या कामाने चांगल्या उस्तादांचेही दर पडले. म्हणून पत्रा कापण्यापूर्वी, वेल्डिंगनंतर आणि लांबी लावण्यापूर्वी असे तीन वेळा फोटो काढून गिऱ्हाइकाला द्यावेत. अंदाजपत्रकात भाग, लेथ, डेंटिंग, रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत करावेत. शागीर्दाला नुसते नट उघडायला न ठेवता सील का जाते, हे सांगावे. पूर्वीचे उस्ताद हात दाखवत पण कारण सांगत नसत. पुढच्या पिढीला ते परवडणार नाही.

कागद

खासगी दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. केंद्राचे नूतनीकरण शुल्क दुचाकीला पूर्वी ३०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ते १,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील दुचाकीला २,००० केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी धरून हा खर्च आधी मांडावा, मग इंजिनला हात लावावा.

शौकीन मंडळींकडून एक सल्ला मिळतो, की गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये तशी तरतूद केली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि मुदत १० वर्षांची. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते, नव्याने नोंदवलेलीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. फेरीवाल्याने या वाटेला जाऊ नये. तसेही पहिली चेतक १९७२ ची, म्हणजे १९८० च्या दशकातली कोणतीही चेतक २०३० पूर्वी या नियमात बसणार नाही. ज्यांच्याकडे साठच्या दशकातली लँब्रेटा आहे आणि जी चालवायचीच नाही, त्यांनी जरूर विचार करावा.

विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलून घ्यावे. पैसे मिळाले आणि गाडी गेली, पण कागद आपल्याच नावावर, अशी स्थिती ठेवू नये. भंगारात द्यायची तर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करवावी. नाक्यावरच्या भंगारवाल्याला नंबर प्लेटसकट गाडी देणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करण्यासारखे आहे.

आणि एक बाब, जी फक्त किनाऱ्यावरच्या लोकांनाच सांगावी लागते. चेसिसचा नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. दातिवऱ्याच्या बाजूच्या एका घरात चांगली चालणारी प्रिया होती, कागद पूर्ण होते, गिऱ्हाईक विरारहून आले होते, किंमतही ठरली. तपासणीत नंबर वाचताच आला नाही. गंजाने मधले तीन आकडे खाल्ले होते. गिऱ्हाईक परत गेले, गाडी अजून तिथेच आहे. तेव्हा आजच बाजूचे पॅनेल काढा, पितळी ब्रशने नंबर हलकेच साफ करा, पेन्सिल घासून कागदावर त्याचा ठसा घ्या, फोटो काढा आणि वर ग्रीसचा जाड थर लावून ठेवा. घासायला पॉलिश पेपर वापरू नका, आकडे आधीच पातळ झालेले असतात.